शेजाऱ्याचं नाव

सर,

दिवस घालायचे नाहीत, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही आणि शोकसभा तर मुळीच नाही, असं तुम्ही बजावून ठेवलं होतंत. "जिवंतपणी ज्यांनी कधी बरं म्हटलं नाही त्यांना माझ्या फोटोपुढे खोटं बोलायची वेळ आणू नका," हे तुमचं वाक्य काकूंनी आम्हाला वैकुंठ स्मशानभूमीतच ऐकवलं. सगळं तुमच्या मनासारखं झालं. आम्ही दहा-बारा माणसं बाहेर आलो, फाटकापाशी घुटमळलो आणि पुढे काय करायचं ते कोणालाच कळेना, म्हणून रिक्षा करून आपापल्या घरी गेलो. तुमच्या लोकांत दहावं-तेरावं असतं. आमच्यात लोक येऊन बसतात, कुराण वाचतात, शेजारून जेवण येतं. तुम्ही मला या दोन्हींच्या मधे कुठेतरी उभं करून निघून गेलात. रडायलासुद्धा काहीतरी निमित्त लागतं हो, सर. ते नाही म्हणून लिहायला बसलेय.

आणि दुसरंही कारण आहे. शेवटच्या भेटीत तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी त्याचं खरं उत्तर दिलं. आधी तुमची विद्यार्थिनी, मग तुमच्याच विभागात तुमच्या हाताखाली शिकवणारी, आयुष्यभर तुमच्याशी एकाच मुद्द्यावर भांडलेली मी. मला त्या दिवशी नेमकं खरं बोलायची बुद्धी का झाली, हे मला कळत नाही. तुम्हाला कळलं असतं. पण आता तुम्ही नाही.

मी तुमच्या वर्गात आले ती चुकून. मला मानसशास्त्र हवं होतं, तिथल्या जागा भरल्या होत्या, तेव्हा खिडकीतल्या क्लार्कने न विचारता माझं नाव तत्त्वज्ञानात घातलं. अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, "उसपे नोकरी मिलती क्या?" मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तुम्ही आलात, दार लावून घेतलंत, उशिरा आलेल्या दोघांनी बाहेरून ठोठावलं तेव्हा आतूनच म्हणालात, "दार बंद असतं तेव्हा त्याचा अर्थ बंद असाच असतो." मग फळ्यावर काहीही न लिहिता बोलायला लागलात. "आपल्या शेजारी एक गृहस्थ राहतात."

ते गृहस्थ लग्न न केलेले. रोज ठरल्या वेळी फिरायला निघणारे, इतक्या ठरल्या वेळी की आळीतल्या बायका त्यांना बघून घड्याळं लावायच्या. आवाजाचं वावडं. शेजारचा कोंबडा आरवतो म्हणून घर बदललं. नवीन घराजवळ तुरुंग निघाला, तिथले कैदी भजनं फार मोठ्याने म्हणतात अशी त्यांनी वर तक्रार केली. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "येरवड्याला राहतात का, सर?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुरुंगाच्या बाहेर राहतात. इतकी तक्रारखोर माणसं सहसा बाहेरच असतात."

महिनाभर आम्हाला वाटत होतं की हा माणूस सदाशिव पेठेतलाच आहे. दुसरीकडे कुठे असणार? लोणी काळभोरचा दत्ता, उसाचं टिपरू पिशवीत घेऊन वर्गात येणारा, एक दिवस तासानंतर तुमच्यापुढे जाऊन उभा राहिला. "सर, आमच्या गणपतीत येक व्याख्यान असतंय. ह्या शेजारच्यास्नी बोलवायचं हाय. नारळ, शाल समदं देतो." तुम्ही हसला नाहीत. चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "अहो दत्ताराव, बोलावलंत हे फार चांगलं केलंत. पण ते जन्मात कधी गावाबाहेर गेले नाहीत. आता जातील असं वाटत नाही." दत्ता म्हणाला, "मंग आपन त्यांच्याकडं जाऊ." तेव्हा कुठे तुम्ही सांगितलंत, की ते गृहस्थ जर्मन होते आणि त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दत्ताचा चेहरा असा पडला, जणू घरचंच कोणी गेल्याची बातमी ऐकली असावी.

पण नाव तेव्हाही सांगितलं नाहीत. ते तुम्ही वर्षाच्या शेवटच्या तासालाच सांगायचात, दर वर्षी, हा तुमचा नेम. "नाव कळलं की तुम्ही गाईड आणाल. गाईड आणलं की पाठ कराल. पाठ केलं की विचार करायचं कारण उरणार नाही." विभागप्रमुख वैतागायचे, मुलांचे पालक तक्रार करायचे, तुम्ही बधला नाहीत. शेवटच्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहायचं, पोरांना एकदा बघू द्यायचं, लगेच पुसायचं आणि हात झटकून निघून जायचं. तोपर्यंत तो आमचा शेजारी. आम्ही कँटीनमध्येसुद्धा बोलायचो, शेजाऱ्याला हे पटलं नसतं म्हणून.

मला तो शेजारी कधी झाला ते मी तुम्हाला सांगितलं होतं का? बहुतेक नाही. एकदा तुम्ही सहज म्हणालात की शेजाऱ्याचे वडील घोड्यांचा चामडी सरंजाम शिवायचे, पट्टे, लगाम, तसलं. मी मान वर केली. माझे अब्बा पुण्यातल्या टांग्यांसाठी तेच शिवायचे. आमच्या घरात तेल पाजलेल्या चामड्याचा वास कपड्यांना येतो म्हणून मी कॉलेजात पोरींपासून जरा लांब बसायची. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या वर्गात जे चाललंय त्यातलं काहीतरी आमच्या घरातून आलंय. घरी जाऊन अब्बांना सांगितलं. ते दाभण थांबवून म्हणाले, "फिर? लडके ने धंदा संभाला के नहीं?" मी म्हटलं, नाही, पुस्तकं लिहिली. अब्बा म्हणाले, "बिचारा बाप." टांगे बंद झाले तेव्हा तेच शब्द ते स्वतःला म्हणाले.

शेजाऱ्याचं म्हणणं तुम्ही आम्हाला कधी व्याख्येत बांधून दिलं नाहीत. जो नियम तू स्वतःसाठी करतोस तो सगळ्यांनी पाळला तर चालेल का बघ, हे सांगताना म्हणालात, "एकाने सिग्नल तोडला तर तो हुशार. सगळ्यांनी तोडला तर ते पुणे." माणसाला केवळ साधन म्हणून वापरायचं नाही, हे तर तुम्ही कधी शिकवलंच नाहीत, नुसतं वागलात. अठरा वर्षांच्या पोरांना अहो-जाहो, झाडणाऱ्या बाईंना अहो, मला रेहानाबाई. मी तुमच्या विभागात रुजू झाले, माझे केस पांढरे झाले, तुमचे गेले, तरी रेहानाबाईच. मला तुम्ही कधीच "तू" म्हटलं नाहीत. एकदा काकू चिडून म्हणाल्या, "अहो, लेकीसारखी आहे ती." तुम्ही म्हणालात, "लेकीला अहो म्हटलेलं कोणत्या लेकीला आवडत नाही?"

आणि मग तो दाराचा तास.

शेजाऱ्याचं सगळ्यात अवघड म्हणणं असं की खोटं कधीच बोलायचं नाही. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय, त्याला मारायला आलेला माणूस दारात उभा राहून विचारतोय, तो आत आहे का? तरीसुद्धा नाही. दत्ता ताडकन म्हणाला, "सर, मी तर सांगनार, हितं कुनी न्हाई. वर पानी बी पाजीन त्याला, पन मित्र देनार न्हाई." वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, खोटं बोलणारा हळूहळू सगळ्यांच्या शब्दावरचा विश्वास पोखरतो. मी उभी राहिले. मी तोवर वर्गात कधी बोलले नव्हते.

मी म्हटलं, सर, मी शाळेत असताना शहरात एकदा दंगल झाली. आम्ही वरच्या मजल्यावरच्या माईंकडे होतो, त्यांच्या स्वयंपाकघरात, दाराआड. अम्मीचा हात माझ्या तोंडावर होता. खालून माणसं आली आणि त्यांनी माईंना विचारलं, खालचे लोक कुठायत? माई म्हणाल्या, केव्हाच गावाला गेले. सर, मी आज तुमच्या वर्गात बसलेय ती त्या एका खोट्यामुळे. शेजाऱ्याच्या मताने माईंनी काय करायला हवं होतं?

तुम्ही खडू ठेवलात. खिडकीशी गेलात आणि म्हणालात, "रेहानाबाई, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. उद्या बोलू."

तो उद्या आला नाही. मी शिकवायला लागले त्या वर्षी तुम्ही म्हणालात, "दाराचा तास यापुढे तुम्ही घ्या." मी घ्यायची आणि तुम्ही मागच्या बाकावर पोरांच्यात बसायचात. त्यानंतर कँटीनमध्ये आपलं दर वर्षीचं भांडण. तुम्ही म्हणायचात, माईंचं खोटं मी समजू शकतो, त्यांना दोषही देणार नाही, पण खोटं बोलायला हवं असा नियम मी करू शकत नाही. खोटं बोलणारा समोरच्याला विचारत नाही, त्याच्या वतीने परस्पर ठरवून टाकतो, की याला खरं झेपणार नाही. मी म्हणायची, काही माणसांना खरंच झेपत नाही, सर. ते बघून बोलणं म्हणजेच माया. तुम्ही म्हणायचात, माया असेल, पण ती वरून खाली टाकलेली. मी म्हणायची, तुम्ही त्या दाराआड बसला नव्हतात. इथे तुम्ही चहाचे पैसे द्यायला उठायचात. दर वर्षी तिथेच. मी जिंकले असं तुम्ही कधी म्हटलं नाहीत, मी हरले असंही नाही.

तुम्ही निवृत्त झालात, पण नाव सांगायचा तास तुमचाच राहिला. पाय दुखत होते तेव्हा कठडा धरून जिना चढून आलात. वर्गात पोरं कमी होत गेली. आधी दोन रांगा, मग एक, मग नुसता पुढचा बाक. "गर्दी नको," म्हणालात, "शेजाऱ्याला आवाजाचा त्रास होतो." हे म्हणताना तुमचा हात खडूवर घट्ट होता, ते मी बघितलं.

यंदा कोणी आलं नाही. एकही नाही. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मागणीच नाहीये. मी तरी काय करू?" खरंच, त्यांनी काय करावं? विषय बंद झाला. वर्गात आता प्रिंटर ठेवलेत. मी कॉम्प्युटरच्या मुलांना मुलाखतीत आत्मविश्वासाने कसं बोलावं ते शिकवते. ती चांगली मुलं आहेत. "मॅडम, नर्व्हस झालो तर खोटं बोललं तर चालतं का?" असं त्यातल्या एकाने विचारलं. मी म्हटलं, स्लाइडवर बघा.

त्याच दिवसांत तुम्ही अंथरुणाला खिळलात. कर्वेनगरच्या तुमच्या फ्लॅटवर मी आले, तेव्हा काकूंनी मला जिन्यातच थांबवलं. "वर्गाचं काही बोलू नकोस हं. विचारलं तर म्हण, चाललाय. तेवढ्यावरच आहेत ते." मी म्हटलं, काकू, काळजी नको. अहो, मी तर त्या पक्षाचीच. सगळं आयुष्य मी हेच सांगत आले होते, की अशा वेळी खोटं बोलावं. मनात वाक्यसुद्धा तयार होतं. सहा मुलं आहेत, सर, एक लोणीचा आहे, दत्तासारखाच आहे.

काकू औषधं आणायला खाली गेल्या. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "यंदा किती?"

आणि सर, मला जमलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, नेहमीसारखं, मी काय म्हणतेय ते ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही असं. इतकी वर्षं ज्या माणसाने मला अहो म्हटलं, त्याच्या वतीने परस्पर कसं ठरवू, की याला झेपणार नाही? मी म्हटलं, "कोणी नाही, सर. वर्ग बंद झाला."

तुम्ही भिंतीकडे तोंड वळवलंत. आणि म्हणालात, "एवढं खोटं बोलता आलं नाही तुला, रेहाना?"

तुला. पहिल्यांदा. सगळ्या जन्मात एकदा, आणि ते असं.

काकू आल्या तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतले होते. मी निघाले. चार-दोन दिवसांनी फोन आला.

मी कुठे गेले, काही करायला बसले तरी ते वाक्य येतं. मी स्वतःला समजावते, की तुम्हीच शिकवलं तसं मी वागले. मग मला तुमचा राग येतो. इतकी वर्षं मला खरं खरं करून घोळवलंत, आणि मी तुमच्या बाजूला येऊन उभी राहिले त्याच दिवशी तुम्ही उठून माझ्या बाजूला जाऊन बसलात? सांगायचं तरी. एक शब्द टाकायचात आधी. आणि मग राग जातो आणि नुसती पाठ दिसते, भिंतीकडे वळलेली, स्वेटर घातलेली. तुमच्या आयुष्यातली शेवटची खरी गोष्ट मी तुम्हाला दिली आणि तिने तुमचं तोंड भिंतीकडे वळवलं. याच्यावर काय उपाय आहे, सर? काही नाही. तुमचे आभार मानायचे म्हटलं तरी तिथपर्यंत पोचायला मला या वाक्यावरून जावं लागतं, आणि मी जाऊ शकत नाही.

दत्ताचा फोन आला होता. त्याची आता रोपांची नर्सरी आहे, आणि मी शिकवायला लागल्यापासून तो मला मॅडम म्हणतो. "मॅडम, सर गेलं म्हनं." रडत होता. म्हणाला, "मला कोंबडं आठवतंय बगा, आन् दाराचं आठवतंय. पोरास्नी सांगितलंय मी समदं. पन त्या शेजारच्याचं नाव काय हो? सरांनी लिवलं आन् पुसलं. मी नुसताच बगत ऱ्हायलो." माझ्या तोंडावर नाव आलं होतं. मी म्हटलं, "दत्ता, ते सांगायचं काम सरांचं होतं." तो म्हणाला, "व्हय, ते बी खरंच."

काल मी काकूंकडे गेले. दिवस नाहीत, सभा नाही, निदान दारात तरी जाऊन उभं राहावं म्हणून. त्यांनी दार उघडलं. सुकल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "रेहाना, त्या दिवशी मी खाली गेले होते तेव्हा तुमचं काय बोलणं झालं गं? त्यांनी वर्गाचं विचारलं ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग?"

सर, मी काकूंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "सांगितलं, वर्ग चाललाय. सहा मुलं आहेत. एक लोणीचा आहे."

अगदी सहज आलं. अडखळले नाही. काकूंनी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं.

"बरं केलंस बाई," म्हणाल्या. "त्यांना माहीत होतं ना गं. वर्ग कधी सुरू होतोय म्हणून त्यांनी स्वतःच ऑफिसात फोन केला होता, तेव्हाच कळलं त्यांना. मला ते तू येऊन गेल्यावर, रात्री सांगितलं. मी म्हटलं, अहो, मग तिला विचारलंत कशाला? तर म्हणाले, तिला द्यायचं एक उत्तर माझ्याकडे राहिलंय. ती खोटं सांगेल आणि मी ते मुकाट्याने घेईन असं ठरवलं होतं. तेवढंच उत्तर. मी म्हटलं, मग सांगितलं का तिने? तर नुसतं थोपटलं मला. म्हटलं, दमले असतील." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आज कळलं. म्हणजे त्यांच्या मनासारखं झालं. बरं वाटलं हो ऐकून."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ एकच होतं, आणि ते खरं होतं.

"ये ना आत," काकू म्हणाल्या, "अशी दारात काय उभी राहिलीस?"